उचगाव वाचलं, कोल्हापूर फुटलं

जावाचं बिल्ड बिघडलं की काय होतं हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. लाल अक्षरं येतात, कुठलंसं जार सापडत नाही, आणि चहा गार होतो. पण एक बिघाड असा आहे की त्यात बिल्ड सुरळीत पार पडतं, शेवटी 'सक्सेसफुल' असं छापूनही येतं, आणि स्क्रीनवर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसतात. हा बिघाड खास आपल्यासारख्यांचा. ज्यांनी ही हत्यारं बनवली त्यांची कामं इंग्रजीत चालत, त्यामुळे त्यांना तो रोज टोचत नव्हता. आज त्याचाच इतिहास.

गंमत अशी की जावाच्या पोटात मराठीला पहिल्या दिवसापासून जागा होती. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यातला देवनागरीचा तक्ता आपल्याकडच्या इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवरून घेतलेला. जानेवारी १९९६ मध्ये जावा आली तेव्हा तिचं अक्षर सोळा बिटांचं, म्हणजे युनिकोडचं होतं. सी भाषेत 'म' कुठे ठेवायचा हाच प्रश्न होता, जावात तो नव्हता.

मग घोडं अडलं कुठे? दारात! जावाच्या आत सगळं युनिकोड, पण बाहेरची फाइल म्हणजे नुसते बाइट. ते कुठल्या तक्त्याने वाचायचे हे फाइल सांगत नाही. कंपायलर म्हणे, मशीनचा जो तक्ता असेल तो. आणि स्क्रीनवरचे शब्द ज्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवायचे, तिच्यासाठी नियमच होता की ती लॅटिन-१ मध्येच वाचली जाईल, म्हणजे पश्चिम युरोपच्या अक्षरांत. त्यावर तोड म्हणून सनने 'नेटिव्ह-टू-आस्की' नावाचं छोटं हत्यार दिलं. मराठीत लिहिलेली फाइल त्यात घालायची, प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक साध्या इंग्रजी अक्षरांत बाहेर येतो, तो जावाला समजतो. हे हाताने कोण करणार? म्हणून ते बिल्ड स्क्रिप्टमध्ये गेलं.

स्क्रिप्टचा इतिहास थोडक्यात. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ मध्ये 'मेक' लिहिलं. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी. टॅबच्या जागी स्पेस पडल्या तर डोळ्यांना काही दिसत नाही आणि बिल्ड मरतं. सनमधल्या जेम्स डंकन डेव्हिडसनने टॉमकॅटच्या कामासाठी 'अँट' लिहिलं, २००० मध्ये ते स्वतंत्रपणे बाहेर आलं, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत या टॅबबद्दलची चिडचिड अजून वाचायला मिळते. अँटचा दावा होता की एकच स्क्रिप्ट विंडोजवर आणि लिनक्सवर सारखीच चालेल. चालायचीही. फक्त एन्कोडिंग सांगितलं नाहीत तर ती मशीनचं घ्यायची, आणि तिथे दोन्ही मशीनं वेगळी निघायची.

आपल्याकडे त्याच सुमारास आणखी एक घोळ चालू होता. बरंचसं मराठी टाइपिंग फाँटच्या जोरावर चालायचं. फाँट मराठी, पण खाली साठवलेले बाइट पाश्चात्य अक्षरांचेच, फक्त त्यांचं चित्र देवनागरी. असा मजकूर कुठल्याही बिल्डमधून बहुधा धडधाकट बाहेर यायचा, कारण मशीनच्या लेखी तो मराठी नव्हताच! विंडोज २००० आणि एक्सपीपासून मंगल फाँट आणि खरं युनिकोड मराठी आलं, मग पडझड सुरू झाली. 'जुन्या फाँटमध्ये बरं चालत होतं' ही तक्रार त्या काळी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ती खोटी नव्हती.

आता मुद्द्याचं. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये आमच्या करवीर तालुक्यातल्या आणि आसपासच्या गावांची नि आडनावांची यादी एका प्रॉपर्टीज फाइलमध्ये होती. मूळ फाइल यूटीएफ-८ मध्ये. बिल्ड व्हायचं विंडोजच्या मशीनवर, अँटमधल्या त्या रूपांतराच्या ओळीत एन्कोडिंग लिहिलेलं नव्हतं, म्हणून फाइल विंडोज-१२५२ समजून वाचली गेली. पुढे मूळ फाइल हरवली आणि हातात उरलं ते फक्त जारमधलं बिघडलेलं रूप. कुणी केलं हे सोडा. त्यातून काय परत मिळवता येतं हे पाहण्यासारखं आहे.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा बदलता. १२५२ च्या तक्त्यात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला स्मॉल ए, १६४ म्हणजे चलनाचं गोल चिन्ह, आणि १६५ म्हणजे चक्क जपानी येन. दीर्घ वेलांटीपासून पुढच्या मात्रा या येनच्या बाजूला पडतात. त्यामुळे 'मराठी' हा शब्द चार गोल चिन्हं आणि एक येन घेऊन पंधरा अक्षरांचा होऊन बसतो. दिसायला भयानक, पण हरवलेलं काही नाही. उलट्या दिशेने नेलं की शब्द जसाच्या तसा परत.

पण १२५२ च्या तक्त्यात पाच खुर्च्या रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. या क्रमांकांना जावा अक्षर देत नाही, 'ओळखता आलं नाही' असं एक ठरावीक चिन्ह टाकते आणि मूळ बाइट विसरते. आता आपल्या कुठल्या चिन्हांचा शेवटचा बाइट यात येतो बघा. हलन्त: १४१. ऱ्हस्व उकार: १२९. शिवाय ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू. म्हणजे जोडाक्षर असलेला प्रत्येक शब्द आणि पहिला उकार असलेला प्रत्येक शब्द फुटला!

त्यामुळे उलट रूपांतर केल्यावर यादी अशी आली. उचगाव शाबूत. गांधीनगर, वळिवडे, शिरोली, कागल शाबूत. कोल्हापूर फुटलं. पुणे, मुंबई फुटली. गोकुळ शिरगावातलं शिरगाव राहिलं, गोकुळ गेलं. पाटील, जाधव, शिंदे, माने जिवंत, आणि कुलकर्णी, चव्हाण, कुंभार, सुतार जखमी. (जातपात न बघता, नुसत्या उकारावर नि हलन्तावर!)

तरी आशा होती. फुटलेल्या जागेच्या आधी येन असेल तर ते एक तर हलन्त किंवा ऱ्हस्व उकार, मराठीत तिसरं काही जवळजवळ नाहीच. म्हणजे एक तर कोल्हापूर किंवा 'कोलुहापूर'. मशीनला दोन्ही सारखेच, पण उचगावच्या बसस्टॉपवरचं शेंबडं पोरही बरोबर सांगेल. आधी गोल चिन्ह असेल तर ए, ऐ, झ वगैरेंपैकी एक, तेही संदर्भावरून कळतं. माणसाने बसून वाचली तर अशी यादी पूर्ण दुरुस्त होते.

प्रश्नचिन्हांचा प्रकार मात्र वेगळा, तिथे आशा नाही. लिनक्सवर टर्मिनलमधून हाताने बिल्ड केलं तर सगळं ठीक, आणि तेच रात्री क्रॉनमधून किंवा हडसनमधून (२०११ पासून जेनकिन्स) चाललं की मराठी गायब, हे ज्यांनी भोगलंय त्यांना कारण लगेच सांगतो. लॉगिन केल्यावर भाषेचं जे सेटिंग आपोआप लागतं ते क्रॉनमध्ये लागत नाही, जावा मग मशीनला निव्वळ आस्कीचं समजते, आणि लिहिताना जे बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवते. एका चिन्हाला एक प्रश्नचिन्ह. उचगावची पाच, कागलची चार, आत काय होतं याचा मागमूस नाही. तेव्हा निदान करताना आधी हे बघावं: विचित्र ए आणि येन दिसले तर वाचताना चुकलंय, प्रश्नचिन्हं दिसली तर बहुधा लिहिताना, आणि नुसते चौकोन दिसले तर मजकूर बहुतेक ठीक आहे, फाँट नाही.

आणखी एक छळ म्हणजे नोटपॅड. त्यात यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलं की फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण बसायची. कंपायलर पहिल्याच ओळीवर 'अवैध अक्षर ६५२७९' म्हणून अडायचा, आणि त्या ओळीत दिसायला काहीच चूक नसायची. मेकच्या टॅबचाच हा चुलतभाऊ.

हळूहळू दारं दुरुस्त झाली. मेव्हनने 'मशीनचं एन्कोडिंग वापरतोय, बिल्ड मशीनवर अवलंबून राहील' अशी ताकीद द्यायला सुरुवात केली (आणि आपण ती वाचली नाही). सप्टेंबर २०१७ च्या जावा ९ मध्ये रिसोर्स बंडलच्या प्रॉपर्टीज फाइल आधी यूटीएफ-८ म्हणून वाचायचं ठरलं आणि नेटिव्ह-टू-आस्की हे हत्यारच जेडीकेमधून काढलं. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून मशीन कुठलंही असो, डीफॉल्ट यूटीएफ-८.

तेव्हा जुन्या अँट फाइलमधली ती रूपांतराची ओळ आता काढून टाकावी असं वाटेल. काढण्याआधी कोडमध्ये एक शोध घ्या. रिसोर्स बंडलला नवा नियम लागला, पण कुणी प्रॉपर्टीज क्लास वापरून इनपुट स्ट्रीममधून थेट फाइल वाचत असेल, तर ती आजही लॅटिन-१ मध्येच वाचली जाते. तिथे आधी यूटीएफ-८ चा रीडर घाला, तशी सोय जावा ६ पासून आहे, आणि मग ओळ काढा.