गैरहजर भावाचा हिस्सा

बसवकल्याण, भालकी, औराद भागात वाटणीचा दावा लागला की समोरच्या वकिलाचा पहिला हल्ला जमिनीवर नसतो, नावांच्या यादीवर असतो. "बहिणीला पार्टी केलंय का?" बहीण उदगीरला दिलेली, धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. दावा लावणारा म्हणतो, तिला काही नको आहे हो, ती कशाला कोर्टात येतेय. नको असेल तर नसेल, पण ते तिनं येऊन सांगायला हवं. म्हैसूरकडच्या कनकरत्नम्माळ खटल्यात मुलीचं म्हणणं मुद्द्यावर खरं ठरलं होतं, मिळकत आईचीच निघाली. पण दोन भाऊ वारस असूनही दाव्यात नव्हते, म्हणून सर्वोच्च न्यायालयात जाऊनही दावा बुडाला.

कायद्याच्या भाषेत असा माणूस म्हणजे 'आवश्यक पक्षकार'. त्याच्याशिवाय निकालच देता येत नाही. एक पायरी खाली 'योग्य पक्षकार', जो असला तर बरं. दोघांचं घर दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश १ च्या नियम ९ आणि १० मध्ये आहे.

मी या नियमाचं कूळ शोधायला लागलो ते भलत्याच वाटेनं, अमेरिकेतल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या विमा खटल्यांवरून. कारखानदाराने तीस वर्षांत दहा विमा कंपन्या बदललेल्या. कामगारांच्या फुफ्फुसात गेलेले तंतू पंधरा-वीस, कधी चाळीस वर्षांनी आजार दाखवतात. मग भरपाई कुठल्या वर्षाच्या विम्यातून? आणि दहापैकी चारच कंपन्यांवर दावा लावला तर उरलेल्या सहांना बोलवायचं की नाही? वाचता वाचता लक्षात आलं की हा युक्तिवाद आपल्याकडच्या वाटणीच्या दाव्याचा आहे, फक्त भावांच्या जागी कंपन्या आहेत. आणि आपल्या वाटणीचं शास्त्र लिहिलं गेलं ते बसवकल्याणात.

ते असं. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य १०७६ मध्ये गादीवर आला, त्याची राजधानी कल्याण, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि शेवटी असं नगर, असा राजा आणि असा पंडित दुसरा नाही, असं स्वतःसकट तिघांचं कौतुकही करून ठेवलं. त्याचा गाभ्याचा सिद्धांत एकच: वडिलोपार्जित मिळकतीत हक्क जन्मानेच मिळतो. बाप देईल तेव्हा नाही, बाप मरेल तेव्हाही नाही. वाटणी हक्क निर्माण करत नाही, असलेला हक्क मोजून देते.

यातून जे निघतं ते विज्ञानेश्वराने शेवटपर्यंत नेलं. भाऊ वेगळे निघत असताना एखाद्या निपुत्रिक भावाची विधवा गरोदर असेल, तर वसिष्ठाच्या वचनाचा आधार घेऊन तो सांगतो, बाळंतपणापर्यंत थांबा. म्हणजे अजून जन्माला न आलेला पक्षकारसुद्धा आवश्यक! गैरहजर माणसाची एवढी कदर करणारी प्रक्रिया मला दुसऱ्या कुठल्या जुन्या कायद्यात दिसलेली नाही.

आता विरोधी बाजू. कायद्याचे प्राध्यापक सांगतील की हा नियम इंग्लंडच्या चान्सरी कोर्टाचा. तिथे जुना दंडकच होता की ज्याचा ज्याचा संबंध त्या सगळ्यांना आणा, म्हणजे एकदाच पुरा न्याय होईल. तिथून तो अमेरिकेत गेला, १८५५ च्या शील्ड्स विरुद्ध बॅरो खटल्याने तिथे तो लोखंडासारखा कडक केला. इकडे १८५९, १८७७, १८८२ आणि १९०८ अशा संहिता आल्या, हैदराबाद संस्थानाच्या मुलखात, म्हणजे बीदर-गुलबर्ग्यात, १९५१ पासून हीच संहिता लागू झाली. कागदाचं कूळ इंग्रजी, हे मला मान्यच आहे.

पण १८५९ च्या संहितेचं कलम ७३ काढून बघा. दाव्याच्या विषयात ज्यांचा 'हिस्सा किंवा हितसंबंध' आहे आणि निकालाची झळ ज्यांना लागेल, ते सगळे आले नसतील तर कोर्टाने सुनावणी थांबवून त्यांना आणावं. आधी हिस्सा, मग हितसंबंध. मिताक्षरेच्या वारसा-भागाचं कोलब्रुकचं इंग्रजी भाषांतर १८१० मध्ये कलकत्त्यात निघालं होतं. पुढची पन्नास वर्षं ईस्ट इंडिया कंपनीचे न्यायाधीश त्याच पुस्तकावर भावाभावांचे तंटे तोडत होते. त्यांच्या डोळ्यापुढचा रोजचा गैरहजर माणूस म्हणजे वाटणीतला भाऊ. मसुदा करणाऱ्याच्या लेखणीला 'हिस्सा' हा शब्द आधी सुचला तो याच सवयीने, असं माझं ठाम मत आहे. चान्सरीवाल्यांनाही हिस्सेदार ठाऊक होते, हे कोणी म्हणेलच. म्हणू दे.

दुसरा प्रतिस्पर्धी घरचाच आहे: महजर. बहमनी काळापासून पेशवाईपर्यंत वतनाचा तंटा मजालसीपुढे चाले आणि निवाड्याच्या कागदावर, म्हणजे महजरावर, 'हाजीर मजालस' म्हणून सगळ्यांची नावं येत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार. लिहिता न येणारा आपल्या धंद्याचं हत्यार काढी. पाटलाचा नांगर अशा कागदांवर जागोजाग दिसतो. बहमनींची राजधानी आधी गुलबर्गा, मग बीदर, त्यामुळे हे कूळही आपल्याच पट्ट्यात बसवायचा मोह होतो. मला तो झाला होता. पण महजरात जमलेले लोक पंच आणि साक्षीदार आहेत. त्यांची हजेरी निवाड्याला वजन देण्यासाठी, त्यांचा स्वतःचा हक्क तिथे पणाला लागलेला नाही. याज्ञवल्क्याचा आणखी एक नियम, की फिर्याद प्रतिवादीच्या समोर लिहून घ्यावी, तोही इथे उपयोगाचा नाही. तो नाव घेतलेल्या विरोधकापुरता आहे. आपल्याला हवा आहे ज्याचं नावच कोणी घेतलं नाही असा तिसरा.

या तिसऱ्याचा भारतातला सगळ्यात गाजलेला खटला मात्र वाटणीचा नाही, आणि तो हैदराबादचा आहे. १९५५ साली, बीदर-गुलबर्गा अजून हैदराबाद राज्यात असताना, रझिया बेगम यांनी निजामाचे दुसरे पुत्र मुअज्जम जाह यांच्यावर दावा लावला: मी यांची निकाहाची पत्नी आहे, आणि महिना दोन हजार रुपये पानदानखर्च, म्हणजे पत्नीचा हातखर्च, हा माझा हक्क आहे. शहजाद्यांनी सगळं कबूल केलं. वादी-प्रतिवादी राजी, मग कोर्टाला काम काय? तेवढ्यात अन्वर बेगम आपल्या अज्ञान मुलासह पुढे आल्या: आम्हीही पत्नी आणि वारस, आम्हाला घ्या. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांना आत घेतलं. मिळकतीच्या दाव्यात नुसता व्यापारी हितसंबंध पुरत नाही, थेट हक्क लागतो. पण माणसाच्या दर्जाचा प्रश्न असेल तर निकाल पुढच्या पिढ्यांना चिकटतो, म्हणून तिथे नियम सैल, असं न्यायमूर्ती सिन्हांनी म्हटलं. थोडक्यात, पत्नीपद मान्य झालं की वारसांच्या पंगतीत एक पान वाढतं. फिरून हिस्साच.

आता विमा कंपन्यांकडे या. अमेरिकेत १९८० च्या 'फॉर्टी-एट इन्सुलेशन्स' निकालाने सांगितलं की खर्च वर्षांच्या प्रमाणात वाटा, विमा नसलेल्या वर्षांचा भाग कारखानदाराने सोसावा. पुढच्याच वर्षी 'कीन' निकालाने उलट धरलं: तंतू शरीरात जाण्यापासून आजार उघड होईपर्यंत ज्या ज्या कंपनीचा विमा होता, तिच्यावर पूर्ण जबाबदारी. कारखानदाराने कुठलीही निवडावी, कंपन्यांनी आपसात नंतर बघून घ्यावं. माझ्या लेखी यातच उत्तर आहे. पहिला मार्ग वाटणीचा, तिथे गैरहजर कंपनीच्या पाठीमागे तिचं प्रमाण ठरतं, म्हणून 'तिला आणा' या मागणीत दम येतो. दुसरा मार्ग एकत्रित कर्जाचा, कोणीही एक धरा. तिकडच्या वकिलांचा खरा डाव अर्थात वेगळा असतो: गैरहजर कंपनी आणि वादी एकाच राज्याचे निघाले तर दावा संघीय कोर्टाच्या हातून जातो. १९६८ च्या प्रॉव्हिडंट खटल्यात मोटारीच्या विम्यावरून नेमकी हीच अडचण आली होती. गैरहजर होता मोटारीचा मालक, त्याला घेतलं तर दावाच कोसळणार. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो नाही एवढ्यावरून दिलेला निकाल मोडायला नकार दिला.

आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल आहे, पण तो कामगारांच्या आरोग्याचा: विमा सक्तीचा करा, नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यावर १५ वर्षं, जे उशिरा येईल तोवर नोंदी जपा. कंपन्यांचा आपसातला तंटा बघायचा तर आमच्या भागात हुमनाबादवरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर यावं. एमएच-२५ चा ट्रक आणि केए-३८ ची बस धडकते, चूक दोघांची, मेलेला तिसराच. वारस बसच्या मालकावर आणि तिच्या विमा कंपनीवर भरपाईचा अर्ज करतात. ट्रकची विमा कंपनी अर्जात नाहीच.

२०१५ च्या खेन्येई निकालाने यावर जे सांगितलं ते वाचताना मला विज्ञानेश्वर आठवला. वारसांनी दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम घ्यावी, दुसऱ्याला आणलंच पाहिजे असं नाही. पण दोन्ही चालकांची चूक किती-किती टक्के, हे मात्र दुसरा पक्षकार नसताना न्यायाधिकरणाने ठरवू नये. ज्याने पैसे भरले त्याला वाटलं तर त्याने नंतर स्वतंत्र दावा लावून दुसऱ्याकडून वसूल करावं. बाहेरच्याचं देणं गैरहजेरीत चुकतं करता येतं, आपसातला हिस्सा गैरहजेरीत मोजता येत नाही. निकालपत्रात मिताक्षरेचं नाव कुठेही नाही, आणि ते असण्याचं कारणही नाही.

वाटणीच्या यादीत आता मुलीही पक्क्या आहेत. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ मध्येच हा बदल केला, देशभर तो २००५ मध्ये आला, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तो हक्क जन्मापासूनचा असल्याचं सांगितलं, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत. जन्माने हक्क, हा शब्द कल्याणचाच. तेव्हा औरादच्या दाव्यात उदगीरच्या बहिणीला समन्स काढावंच लागतं, सीमेपलीकडचा पत्ता असल्याने ते बजावून यायला दोन तारखा जास्त जातात एवढंच.