मुंबईतील इंग्रजांचे पहिले चर्च : चाळीस वर्षांच्या खंडाचा प्रश्न

मुंबईच्या कोटातील सेंट टॉमस कॅथीड्रलचा इतिहास सांगताना जेरल्ड आँजियर आणि रिचर्ड कॉब या दोघांचा नामनिर्देश करून लेखक सामान्यतः पुढे जातात. परंतु आँजियरने आरंभिलेले काम कॉबने तडीस नेले, या दोहोंमध्ये सुमारे चाळीस वर्षे लोटली. अभ्यासकाला खरा विचार करावयाचा आहे तो या खंडाचा.

१६६८ साली वार्षिक दहा पौंडांच्या खंडणीवर मुंबई कंपनीच्या ताब्यात आली. बेटावर देवळे होती, मशिदी होत्या, पोर्तुगीजांची चर्चे होती. राज्यकर्त्या इंग्रजांची उपासना मात्र किल्ल्यातील एका दालनात चाले. हे उणे आँजियरला बोचत होते. त्याच्या कारकीर्दीत चर्चचे बांधकाम सुरू झाले. पण १६७७ साली सुरतेस त्याचा मृत्यू झाला आणि भिंती पंधरा फुटांच्या आसपास येऊन थांबल्या.

काम का थांबले? अलेक्झांडर हॅमिल्टन याने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात याचे एकच उत्तर दिले आहे : चर्चसाठी जमलेले पन्नास हजार पौंड सर जॉन चाइल्डने गिळंकृत केले. ही हकीकत पुढे अनेकांनी उतरून घेतली. ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. हॅमिल्टन हा स्वतंत्र व्यापारी; चाइल्डविषयी त्याचे मन स्वच्छ नव्हते. शिवाय मुंबई हाती येताना कंपनीने राजाला जे कर्ज दिले तेही पन्नास हजार पौंडांचेच होते. तेवढी रक्कम मूठभर इंग्रजांच्या वर्गणीतून उभी राहिली असेल, हे संभवत नाही. अपहार मुळीच झाला नाही, असा याचा अर्थ नव्हे. आकडा मात्र टाकून द्यावा लागेल. आणि अपहार न होताही काम अडावे अशीच परिस्थिती होती. १६८३ साली केग्विनचे बंड झाले, १६८९ साली सिद्दी याकूबने बेटाला वेढा घातला, आणि रोगराईने वसाहतीतील माणसे सतत मरत होती.

कॉब १७१४ साली धर्मोपदेशक म्हणून आला. पुढल्याच वर्षी त्याने व्यासपीठावरून चर्चचा विषय काढला आणि वर्गणी सुरू झाली. त्याच वर्षाअखेर गव्हर्नर म्हणून आलेल्या चार्ल्स बूनने त्याला पाठबळ दिले. १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. आत बसण्याच्या जागा दर्जाप्रमाणे वाटलेल्या होत्या.

उद्घाटनाच्या वेळी शेणवी व्यापारी रामा कामती आपल्या ज्ञातिबांधवांसह हजर होता आणि त्याने बाहेर उभे राहून साऱ्या उपासनेचे कौतुक केले, असे कॉबनेच नोंदविले आहे. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १७१५ साली याच कामतीने केला होता. एका धनिकाचे देऊळ आणि कंपनीचे चर्च एकाच सुमारास उभे राहिले. दोहोंमागची सामाजिक प्रेरणा फारशी निराळी नव्हती, असे आम्हांस वाटते.

परकीयांच्या या चर्चला मिशनचे चर्च समजणे ही मात्र चूक होय. कंपनीच्या धर्मोपदेशकांनी पोर्तुगीज भाषा शिकावी आणि कंपनीच्या देशी नोकरांना प्रॉटेस्टंट धर्माची शिकवण द्यावी, असे १६९८ च्या सनदेत होते खरे. व्यवहारात हे चर्च गोऱ्या वसाहतीपुरतेच राहिले. १८१३ साली मुंबईस उतरलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांना सरकारने परत जाण्याचा हुकूम दिला, यावरून कंपनीचे धोरण स्पष्ट होते. १८१६ साली बिशप मिडल्टन यांनी चर्चचे विधिपूर्वक समर्पण करून त्याला सेंट टॉमसचे नाव दिले. १८३७ साली मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. कोटाच्या पश्चिमेकडील दरवाजास चर्चगेट हे नाव याच इमारतीवरून पडले, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

कॉबने आपला वृत्तांत लंडनमध्ये छापला तो १७६६ साली. तोवर कामतीला मरून बरीच वर्षे झाली होती. कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून १७२० साली बूनच्याच राजवटीत त्याच्यावर खटला झाला, त्याची मालमत्ता जप्त झाली आणि तो कैदेतच वारला. ज्या पत्रांच्या आधारे त्याला दोषी ठरविण्यात आले ती बनावट होती, असे मत पुढील इतिहासकारांनी नोंदविले आहे.