एका पोषणांकाची कुळकथा

सत्तरी उलटलेला रुग्ण सेप्सिसने अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात दाखल होतो, तेव्हा तो वाचेल काय याचा अंदाज घेण्यासाठी रक्तदाब, श्वासाची गती आणि रक्तातील लॅक्टेट यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक अंक मांडून पाहण्यात येतो. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला दहाने गुणावे आणि लिम्फोसाइट नामक श्वेतपेशींच्या दर घनमिलिमीटरमधील संख्येला ०.००५ ने गुणून आलेली रक्कम त्यात मिळवावी, एवढाच त्याचा हिशेब. डेसिलिटरमागे २.८ ग्रॅम अल्ब्युमिन आणि ८०० लिम्फोसाइट भरले, तर २८ अधिक ४, म्हणजे ३२. अंक जितका खाली तितकी आशा कमी, असे वृद्ध रुग्णांच्या अनेक पाहण्यांत आढळून आले आहे.

या अंकाचे मूळ मात्र सेप्सिसच्या चिकित्सेत नाही. ते शल्यविशारदांच्या एका जुन्या चिंतेत आहे. १९३६ साली क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली यांनी जठर व आद्यांत्राच्या जुनाट व्रणावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे दप्तर तपासले, तेव्हा आधीच ज्यांचे वजन पंचमांशाहून अधिक घटले होते त्यांच्यापैकी शेकडा ३३ दगावल्याचे आणि इतरांत हेच प्रमाण शेकडा साडेतीन असल्याचे दिसून आले. शल्यकर्म निर्दोष होऊनही रोगी का जातो, या प्रश्नाचे एक उत्तर त्या कोरड्या नोंदींत होते. तरीही इस्पितळांनी उपासमारीकडे गांभीर्याने पाहण्यास आणखी चार दशके घेतली. १९८० मध्ये फिलाडेल्फियाच्या बझ्बी, मलन प्रभृतींनी अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन, दंडामागील त्वचेच्या घडीची जाडी आणि त्वचेवरील एक प्रतिकारचाचणी अशा चार गोष्टींचे सूत्र बसविले. आणि १९८४ मध्ये जपानच्या ओनोदेरा यांनी, कर्करोगाने खंगलेल्यांच्या पचनमार्गावर शस्त्र चालवावे की नाही हे ठरविण्यासाठी, ते वर दिलेल्या दोन पदांवर आणून ठेवले. अंक ४० वा त्याखाली असल्यास आतडे कापून जोडण्याचा मोह टाळावा, असा त्यांचा दंडक होता.

वृद्धांसाठी निराळी शाखा फुटली ती २००५ साली, फ्रान्समध्ये. तोवरच्या एका सूत्रात रुग्णाचे नेहमीचे वजन लागे, आणि ते तर अनेक वृद्धांना आठवेना. म्हणून बुइयान व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जागी उंचीवरून काढलेले आदर्श वजन घातले, आणि जो उभाच राहू शकत नाही त्याची उंची गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या मापावरून अजमावली. अंथरुणास खिळलेल्या माणसाची अडचण ओळखून केलेली ही दुरुस्ती मला या सबंध इतिहासातील सर्वांत सहृदय गोष्ट वाटते.

सेप्सिसमध्ये हे अंक एवढे बोलके का ठरतात? सूक्ष्म रक्तवाहिन्या गळू लागल्याने अल्ब्युमिन ऊतींत झिरपते, यकृत त्याची निर्मिती आवरून दाहाची प्रथिने घडविण्यास लागते, आणि लिम्फोसाइट मोठ्या संख्येने मरतात. म्हणजे महिनोन्‌महिने कमी पडलेले अन्न आणि कालपरवा भडकलेला दाह, या दोहोंची बाकी त्या एकाच आकड्यात मिसळून येते. त्यामुळेच अल्ब्युमिनला कुपोषणाचा पुरावा मानू नये, असे पोषणतज्ज्ञ आता निक्षून सांगतात. ते बाटलीतून भरून काढण्याचा प्रयत्नही झाला: इटलीत अठराशेंवर सेप्सिसग्रस्तांवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अल्ब्युमिन दिलेल्यांच्या आणि न दिलेल्यांच्या २८ दिवसांतील मृत्यूंत लक्षणीय अंतर पडले नाही.

तेव्हा अंक खाली दिसला की डॉक्टरांनी घरच्या माणसांना आजोबा गेले काही महिने काय व किती जेवत होते, कपडे ढिले झाले होते काय, हे जरूर विचारावे, आणि त्या एका आकड्याच्या आधारे उपचारांतून हात मात्र काढून घेऊ नये.