५ मे १९०१ : लाहोरात गांधर्व महाविद्यालय

शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडचे सुपुत्र पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केले. कोणा संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर.

गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळत मिळवायची विद्या इथे वर्गात आली. अभ्यासक्रम, परीक्षा, छापील पुस्तके आली. आणि स्वरलिपी आली, जी सर्वांत मोलाची. स्वर कागदावर उतरले की अनेक गळ्यांना एकच चाल एकसारखी गाता येते. एकट्या गवयाच्या प्रतिभेवर उभ्या असलेल्या आपल्या संगीतात ही मोठीच गोष्ट होती. समूहाने गाण्याच्या याच वाटेने पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी गांधीजींच्या साबरमती आश्रमाच्या सामुदायिक प्रार्थनेला सूर दिला. १९३० च्या दांडी यात्रेतही ते गांधीजींबरोबर चालले.

१९३१ मध्ये पलुस्कर गेले. त्यांच्या शिष्यांनी स्थापलेले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंतच्या परीक्षा आजही घेते. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत समूहगीत गाणारी खेड्यापाड्यांतली मुले कोणत्याही गायक घराण्यात जन्मलेली नसतात. त्यांना गाणे शिकण्याचा हक्क मिळाला, त्यात लाहोरच्या त्या शाळेचा वाटा फार मोठा आहे.