पेन्शन थोडं असतं, की थोडंच राहतं?

"निवृत्तीनंतर गरजा कमी करा, सुखी राहा" असे मेसेज सकाळी सकाळी येतात. पाठवणारे बहुतेक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हे मी बघून ठेवलंय. त्यांच्यावर राग नाही. पण थोडक्या पेन्शनवर सुखानं जगता येईल का, हे काटकसरीपेक्षा ते पेन्शन महागाईबरोबर वाढतं की नाही यावर जास्त ठरतं. आणि कुणाचं वाढणार, कुणाचं नाही, याला इतिहास आहे.

१९८२ साल घ्या. १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं डी. एस. नकारा खटल्याचा निकाल दिला. नकारा संरक्षण खात्यात वित्त सल्लागार होते. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे, असं कोर्टानं मानलं. पेन्शनर आजही १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

पण हा हक्क सरकारी नोकराचा. संपावर बसलेल्या साचेवाल्याला १९५२ च्या कायद्याचा फंड होता, १९७२ च्या कायद्याची ग्रॅच्युइटी होती. १९७१ ची कुटुंब पेन्शन योजनाही होती, पण ती कामगार नोकरीत असताना गेला तर त्याच्या बायकामुलांसाठी. जिवंत राहून म्हातारा झाला, तर दरमहा काही नाही. फंड एकदम हातात यायचा, तो मुलीच्या लग्नात आणि गावच्या घराच्या कौलांत जायचा.

म्हणून १६ नोव्हेंबर १९९५ ला ईपीएस-९५ आली, ती मी तरी चांगलीच मानतो. मालकाच्या फंडाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के त्यात जाणार, केंद्र सरकार १.१६ टक्के घालणार. हिशोब सोपा: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. मेख दोन ठिकाणी होती. पहिली, पगार म्हणजे खरा पगार नव्हे, तर ठरवलेल्या मर्यादेपर्यंतचाच. ती मर्यादा सुरुवातीला ५,००० होती, २००१ पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे हातात १२,००० घेणारा कामगार बहुतेक वेळा हिशोबात ६,५०० चाच. योजना सुरू झाली तेव्हा लागलेला आणि १८ वर्षांनी, २०१३ च्या शेवटी निवृत्त झालेला माणूस धरा. ६,५०० गुणिले १८, भागिले ७०. आले १,६७१ रुपये.

दुसरी मेख जास्त वाईट. या योजनेत महागाई भत्ता नाही. सुरुवातीच्या काही वर्षांत थोडी थोडी वाढ मिळाली, मग तीही थांबली. शेजारच्या निवृत्त शिक्षकांचं पेन्शन महागाई भत्त्यासकट वर सरकत राहिलं. याचे १,६७१ मात्र १,६७१ च. गरजा कमी करून करून माणूस किती करणार? रक्तदाबाची गोळी अर्धी करणार?

मागण्या झाल्या नाहीत असं नाही. राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३ मध्ये किमान पेन्शन ३,००० करा आणि त्याला महागाई भत्ता जोडा, अशी शिफारस केली. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. हो, तेच, जे २०१९ मध्ये आपले राज्यपाल म्हणून आले. सरकारनं १ सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम केली १,०००. भत्ता नाहीच. त्याला दहा वर्षं उलटून गेली. कोश्यारी आले, २०२३ ला गेलेही, हजार रुपये तिथेच आहेत.

योजनेत पैसा पुरेसा नाही, हे सरकारचं म्हणणं मी उडवून लावत नाही. वाढ द्यायची तर पैसा कुठून आणायचा, हा खरा प्रश्न आहे. पण तो संसदेत मांडायचा प्रश्न आहे, म्हाताऱ्यांना काटकसरीचे सुविचार पाठवून सुटणारा नाही.

तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणी ईपीएस-९५ वाले असतील तर त्यांना दोनच आकडे विचारा: निवृत्त झालात तेव्हा किती मिळायचे, आज किती मिळतात. नाव नको, गावही नको. फक्त आकडे खाली लिहा.