निळ्या एलईडीची कुळकथा

घरातला पांढरा एलईडी दिवा बहुधा मुळात निळाच असतो. आतली चिप निळा प्रकाश देते, वरचा फॉस्फरचा लेप त्यातला काही भाग पिवळा करतो आणि दोन्ही मिसळून पांढरे दिसते. निक होलोन्याक यांनी लाल एलईडी १९६२ मध्ये बनवला; झगझगीत निळ्यासाठी मात्र १९९३ साल उजाडावे लागले. घोडे अडले होते गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकापाशी.

हा पदार्थ सिलिकॉनसारखा वितळवून गोठवता येत नाही. तापवला की त्यातला नायट्रोजन निसटतो. म्हणून तो वायूंतून थराथराने वाढवतात. हजारएक अंश सेल्सियसला तापलेल्या चकतीवरून ट्रायमिथाइल गॅलियमची वाफ आणि अमोनिया सोडायचा. रेणू फुटतात आणि गॅलियम-नायट्रोजनचे अणू चकतीवर रचले जातात. ही उष्णता सोसणारी चकती कृत्रिम नीलमाची. पण दोन्ही स्फटिकांतल्या अणूंच्या अंतरांत सुमारे १६ टक्के तफावत! त्यामुळे थर खडबडीत व्हायचा, त्याला तडे जायचे.

नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी यांचे विद्यार्थी हिरोशी आमानो हेच करून पाहत होते. १९८५ मध्ये एकदा त्यांची जुनी भट्टी हवी तेवढी तापेना. त्यांनी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर कमी तापमानालाच दिला, मग तापमान चढवून त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवले. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत निघाला. त्या मधल्या थराने तफावत पचवली होती.

तोकुशिमातल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी दुसरी अडचण सोडवली. तापलेल्या चकतीवरून वायू वर उसळत आणि तिथे टिकत नसत. नाकामुरांनी वरून नायट्रोजन-हायड्रोजनचा आणखी एक झोत सोडून त्यांना खाली दाबले. एलईडीला लागणारा धनभारवाही थर मॅग्नेशियम मिसळूनही साधत नव्हता. १९८९ मध्ये आकासाकी-आमानोंनी इलेक्ट्रॉनांचा मारा करून तो मिळवला. पुढे नाकामुरांनी कारण दाखवले: हायड्रोजन मॅग्नेशियमला जखडून ठेवतो. नायट्रोजनमध्ये ७०० अंशांच्या वर तापवले की तो निघून जातो.

२०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले. निळा प्रकाश देऊ शकणारा पदार्थ कोणता, हे जगाला आधीच ठाऊक होते. तो नीट वाढवण्याची चिकाटी या तिघांची. प्रयोगशाळेत भट्टीपाशी राबणाऱ्यांच्या कामाला आपणही सिद्धांताइतकाच मान द्यायला हवा.