जड मोटरसायकल आणि इंधनाची काटकसर

वेगाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. काटकसरीचा इतिहास लिहावा असें मात्र फारसें कोणास वाटत नाहीं. तथापि सामान्य गृहस्थाचा यंत्राशीं जो संबंध आला, तो वेगाच्या हौसेपेक्षां खर्चाच्या चिंतेनेंच अधिक ठरला आहे. मुरूड तालुक्यांतील आगरदांडा येथें याचें प्रत्यंतर येतें. राजपुरीच्या खाडीपलीकडे दिघीस वाहनें नेणारी फेरीबोट, म्हणजे लोकांच्या तोंडची जंगलजेटी, सुरू झाल्यापासून किनाऱ्यानें दक्षिणेकडे निघालेले मोटरसायकलस्वार या धक्क्यावर जमूं लागले. त्यांत सामानानें लादलेली एखादी जुनी बुलेट असली, कीं पहिला प्रश्न ठरलेला: “ॲव्हरेज किती देते?” या प्रश्नामागें पाऊणशें वर्षांचा इतिहास आहे, तो येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

बुलेट मूळची इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीची. भारतीय सैन्यानें तिची निवड केल्यावर १९५५ मध्यें मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिच्या ३४६ घनसेंटिमीटर इंजिनांत सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, तर पिस्टनची धांव ९० मिलिमीटर. अशी लांब धांव आणि जड फ्लायव्हील यांमुळें इंजिन सावकाश फिरत असतांही जोर देतें; म्हणून घाटांत व डोंगरांत तें उपयोगी पडलें. लिटरमागें किती, हा विचार त्या काळीं गौण होता.

१९७३ च्या ऑक्टोबरांत अरब-इस्राएल युद्ध पेटलें आणि तेल हेंच शस्त्र झालें. पिंपास सुमारें तीन डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव कांहीं महिन्यांत बारा डॉलरांच्या घरांत गेला. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मापून मिळूं लागलें, तेव्हां मोटारींस कोळशाचीं गॅसयंत्रें बसवून आमच्या लोकांनीं दिवस काढले होते. या वेळीं दुचाकीस्वारास तशी वाट नव्हती. १९७४ मध्यें याच अरबी समुद्रांत ‘बॉम्बे हाय’चें तेल लागलें, तरी देशाची सारी गरज त्यानें भागण्याजोगी नव्हती. १९७८ मध्यें इंधनबचतीच्या प्रसारासाठीं सरकारनें एक स्वतंत्र संस्था काढली, आणि काटकसर हें राष्ट्रीय कर्तव्य ठरलें. पुढें १९८५ मध्यें हीरो होंडाची शंभर घनसेंटिमीटर वर्गांतील गाडी आली. तिच्या जाहिरातीचा सारा भर टाकी एकदां भरून विसरून जाण्यावर होता. तिच्यापुढें लिटरास तीस-पस्तीस किलोमीटर जाणारी बुलेट उधळी वाटूं लागली.

यावर निघालेला एक उपाय जगांत विरळाच म्हटला पाहिजे. तो म्हणजे डीझेलवर चालणारी मोटरसायकल. विसाव्या शतकाच्या अखेरीस एन्फील्डनें ‘टॉरस’ नांवाची गाडी विकली. तिच्यांत ३२५ घनसेंटिमीटरचें ग्रीव्ह्ज-लोम्बार्डिनी इंजिन होतें. शक्ति अवघी साडेसहा अश्वबळांची, वेग बेताचा, धूर व थरथर पुष्कळ. पण एका लिटरांत ती सत्तर किलोमीटरांच्या आसपास जाई. डीझेल इंजिनांत दाब अधिक असतो, हवेच्या वाटेंत थ्रॉटलचा अडथळा नसतो, शिवाय डीझेल त्या काळीं पेट्रोलहून बरेंच स्वस्त होतें. धुराचे नियम कडक झाल्यावर ही गाडी मागें पडली.

पेट्रोलची बुलेट ज्यांनीं ठेविली, त्यांनीं मेकॅनिकाचा आश्रय केला. कार्बुरेटरची सुई एक खांच खालीं उतरविली, कीं पेट्रोल कमी येतें आणि ॲव्हरेज थोडें वाढतें. परंतु मिश्रण प्रमाणाबाहेर पातळ झालें तर इंजिन तापतें, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, प्रसंगीं पिस्टन जाम होतो. मग वर्षभर वांचविलेलें पेट्रोल एका बोअर-पिस्टनच्या कामांत फिटतें. हिशेबच पाहावा: पांचशें किलोमीटरांच्या प्रवासांत तिसांऐवजीं पस्तीसचें ॲव्हरेज मिळालें, तर वांचतें जेमतेम अडीच लिटर. तेवढें तर टायरांतील योग्य हवा, तेल दिलेली साखळी, न घासणारे ब्रेक, स्वच्छ एअर फिल्टर, नीट लावलेले टॅपेट व पॉइंट यांनींही वांचूं शकतें. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून ताशीं पन्नास-पंचावन्नची संथ चाल हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

आतां या प्रश्नास नवें वळण लागलें आहे. २०२५ मध्यें पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें गांठलें. परदेशीं जाणारा पैसा त्यानें वांचतो आणि आमच्या ऊसवाल्यास गिऱ्हाईक मिळतें, हें खरें. पण सारख्या मापाच्या इथेनॉलांत पेट्रोलच्या सुमारें दोन तृतीयांशच उष्णता असते. म्हणजे केवळ हिशेबानें सहा-सात टक्के शक्ति कमी झाली. नव्या गाड्यांतील इंजेक्शन यंत्रणा मिश्रण कांहीं अंशीं आपोआप सांवरते. जुन्या कार्बुरेटरास तें जमत नाहीं. त्याचें मिश्रण पातळ होतें, आणि जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलनें खराब होतात. ज्यानें सुई आधींच खालीं उतरवून ठेविली आहे, त्याचें इंजिन दुहेरी उपाशी राहतें.

सारांश, टंचाई आली कीं उपाय दोन तऱ्हांचे निघतात, एक निगेचा व दुसरा उपासमारीचा. पहिल्यास कष्ट पडतात आणि लाभ हळूहळू दिसतो. दुसऱ्याचा लाभ तत्काळ दिसतो आणि तोटा मागाहून. वाडवडिलांची गाडी ज्यांच्या घरीं अद्याप उभी आहे, त्यांनीं आज मेकॅनिकाकडून सुई पुन्हां तपासून घ्यावी, नळ्या बदलाव्या, आणि लिटरमागें दोन किलोमीटर कमी आले तर ते आनंदानें सोसावे, असें आम्हांस वाटतें.